उजेडावर चालणारी तीट

जिराफाचा रक्तदाब माणसाच्या दुपटीच्या आसपास असतो. एवढ्या लांब मानेतून रक्त वर चढवायचं तर तेवढा जोर लागतोच. जिराफाला त्याचा काही त्रास होत नाही.

*

घरचं काजळ करायचं तर एरंडेलाचा दिवा लावायचा, ज्योतीवर तांब्याची ताटली पालथी धरायची आणि धरलेली काजळी तुपात खलायची. एक डबी पुष्कळ दिवस पुरते.

*

गुऱ्हाळातल्या टेबलावर एक जुना कॅल्क्युलेटर आहे. तो उजेडावर चालतो. वरच्या गडद पट्टीवर अंगठा ठेवला की आकडे फिकट होत होत विझतात.

*

सदऱ्याचं सगळ्यात वरचं बटण. ते गळ्याशी कधी लागलंच नाही.

*

मरगूबाईच्या देवळात माणूस बसेल एवढा तराजू आहे.

*

"आई, डोकं दुखतंय."

"फोटो झाला की उतर."

*

हे सगळे तुकडे एकाच घरातले. ओळीनं लावायचे तर अधिराजच्या जन्मापासून लावावे लागतील.

तो दिवस भरायच्या आधीच जन्मला. आजोबांच्या ओंजळीत मावेल एवढा. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि काचेबाहेर उभं राहून आबांनी, म्हणजे ऋतुजाच्या सासऱ्यांनी, गावच्या मरगूबाईला नवस बोलला: पोर घरी येऊ दे, बारा वर्षांचं होईपर्यंत दर साली त्याच्या भाराचा गूळ तुझ्या दारात वाटीन. दूधगंगेच्या काठी त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, तेव्हा गुळाला तोटा नव्हता.

पोर घरी आलं. पहिल्या तुलेला सारा गाव जमला. एका पारड्यात दुपट्यात गुंडाळलेला अधिराज, दुसऱ्यात आबांनी गुळाचे चार खडे ठेवले, तोच बाळ वर गेलं. चौथा खडा काढावा लागला. कुणी हसलं नाही. गर्दीतून एक म्हातारी मात्र बोलली, "एवढासाच? आईला दूध न्हाई वाटतं."

ऋतुजानं मान खाली घातली ती तिथं. ती मान पुढं वर आली, पण त्यासाठी पोराला पारड्यात खाली जावं लागलं.

पुढच्या साली गुळाचा अख्खा रवा, म्हणजे मोठी ढेप लागली. मग दोन रवे लागले. मग लोक मोठ्या पिशव्या घेऊन यायला लागले. "आबा, नातू न्हवं, पैलवान हाय!" आबा मिशीला हात लावायचे. ऋतुजा पदर खोचून, ताठ मानेनं गूळ वाटायची. त्या एका दिवसासाठी ती वर्षभर तूप वाढायची. दशमीवर तूप, भातावर तूप, शाळेतून आला की शिकरण, आणि काहिलीतला गरम गूळ तर वाटीनं.

घरात एक नियम होता. खाणाऱ्याचा घास मोजायचा नाही. किती पोळ्या झाल्या असं विचारायचं नाही, दृष्ट लागते. म्हणून अधिराज किती खातो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं वजन मात्र दर साली सगळ्या गावासमोर व्हायचं. यातलं वाकडं काय ते कुणाला दिसलं नाही. ऋतुजा बी.एस्सी. होती, तिलाही नाही.

*

नऊ वर्षांचा असताना शाळेत तपासणी झाली. डॉक्टरांचा रक्तदाब मोजायचा पट्टा त्याच्या दंडाला पुरेना. ओढून बसवला. आकडा बघून त्यांनी पुन्हा घेतला, मग म्हणाले, जास्त आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा.

"पट्टाच लहान होता त्यांचा," संग्राम घरी येऊन म्हणाला. संग्राम अधिराजचा बाप, गुऱ्हाळाचा सगळा कारभार बघायचा. "लहान पट्ट्यानं आवळलं की आकडा चढतो. मी वाचलंय."

ते खरं होतं. दंडाच्या मानानं पट्टा अरुंद असला की दाब आहे त्यापेक्षा जास्तच दिसतो. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आडोशाला ते घर दोन वर्षं बसून राहिलं.

आत काय चाललं होतं ते असं. चरबी म्हणजे कोठीतलं धान्य नव्हे, नुसती पडून राहत नाही. तिलाही रक्त लागतं, म्हणून हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. ती रक्तात नाना रसायनं सोडते. त्यांनी रक्तवाहिन्या आखडतात, मज्जातंतू सदा सावध राहतात, आणि मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात. मीठ पाणी धरून ठेवतं. एवढं पाणी, एवढा जोर आणि आखडलेली नळी. दाब वाढणारच. जी मुलं फार लहान जन्मतात आणि मग भराभर वजन धरतात, त्यांच्यात हे लवकर घडतं. आणि दुखत काही नाही. पोर हसतं, खेळतं, थोडं धापा टाकतं. हृदयाची भिंत आतून जाड होत जाते.

*

असल्या पोरांसाठी म्हणून दाब दाखवणारी एक टिकली निघाली.

पट्ट्याचा घोळच नको, असा विचार त्यामागं होता. कानापुढून एक धमनी कपाळाकडं जाते, कातडीच्या अगदी जवळून. टिकली तिथंच चिकटवायची. ती आतल्या बाजूनं बारीक प्रकाश टाकते, नाडीची लाट धमनीतून किती वेगानं पळते ते बघते. धमनी ताणलेली असली की लाट वेगानं जाते. त्यावरून दाब निघतो, आणि मुलाचं वय नि उंची धरून तो बरा की वाईट ते ठरतं. दाब ठीक तर टिकली काळी. वाढला तर लाल. फोनची भानगड नाही, कारण फोनवरचे इशारे लोक वाचत नाहीत. चार्जरही नाही, कारण खेड्यातल्या पोराच्या अंगावरचं काय काय चार्ज करणार? बाहेरच्या बाजूवर पडणाऱ्या उजेडावरच ती चालायची.

आणि काळीच का, तर तीट वाटावी म्हणून. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काळा ठिपका लावतातच. आया ती आनंदानं लावून घेतील, असं बनवणाऱ्यांना वाटलं. ते बरोबरच निघालं. पहिल्याच महिन्यात गावोगाव पोरांच्या कानापुढं टिकल्या दिसायला लागल्या आणि सगळे तिला तीटच म्हणायला लागले.

अधिराजला ती गावच्या आशाताईनं, म्हणजे आरोग्य खात्याच्या कार्यकर्तीनं लावली. शबाना मुजावर, दोन गल्ल्या सोडून राहणारी.

"झाली बघ तीट लावून. आता हुर्र, पळ."

"पळत नाही मी," अधिराज म्हणाला.

"मग उन्हात तरी बस. हिचं जेवण ऊन आहे. तुझ्यागत तूप नाही लागत हिला."

अधिराज हसला. ऋतुजालाही हसू आलं. तिघं अंगणात उभे होते. बघता बघता टिकली लाल झाली.

शबानाचं हसू तसंच तोंडावर अडकलं. "वहिनी," ती हळू म्हणाली, "कोल्हापूरला दाखवा. गोळी चालू करतील. मीठ नि तूप आवरा. आत्ता आवरलं तर आवरतंय बघा."

"बघते. यंदाची तुला होऊन जाऊ दे."

आबांना कळलं तेव्हा ते ताटावरून उठले. "अकराव्या वर्षी गोळी? पुढं सोयरीक कोण करंल? कुठं बोलू नका ह्ये."

*

आधी हे दुखणं कुणाला दिसत नव्हतं. आता ते तोंडावर होतं, लाल दिव्यासारखं.

शाळेत त्याला आधीपासून ढेप्या म्हणत, गुळाच्या ढेपेवरून. आता तो दिसला की पोरं हात आडवा करून थांबायची. "सिग्नल पडला रे! ढेप्याला जाऊ द्या!" देवळात बायका त्याच्याकडं बघायच्या, मग ऋतुजाकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. ते बघणं तिला ओळखीचं होतं. चौथा खडा काढावा लागला तेव्हाचंच ते बघणं.

एका बारशाला निघताना तिनं काजळाची डबी उघडली आणि लाल टिकलीवर बोट टेकवलं. टिकली काळी झाली. इतकं सोपं होतं.

"आई, ती गुदमरेल ना? तिला ऊन लागतं."

"एका दिवसानं काय होतंय."

मग रोजच. शबानाला काजळ ओळखू येईल म्हणून ती यायच्या दिवशी ऋतुजा टिकली पुसून ठेवायची. शबाना लाल बघून पुन्हा तेच सांगायची, ऋतुजा पुन्हा तुलेनंतर जाऊ म्हणायची. बाकी दिवस टिकली काळी. ठीक असली तरी काळी आणि बंद पडली तरी काळीच. बनवणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. काही दिवसांनी तर ऋतुजालाच वाटायला लागलं की दाब खरंच उतरलाय.

*

तुलेच्या दिवशी चैत्राचं ऊन रणरणत होतं. अधिराज पारड्यात मांडी घालून बसला होता. समोर गडी रवे रचत होते, घामाघूम झाले होते.

"अजून ठेव, अजून," आबा ओरडत होते. "गेल्या सालापरास अख्खा रवा जास्त!"

"आई, डोकं दुखतंय."

"फोटो झाला की उतर."

"आई, मला तू अर्धीच दिसतेस."

"ऊन लागतंय डोळ्यावर. इकडं बघ. हस."

तो हसला. मग त्याची मान एका बाजूला वळायला लागली, कुणीतरी तिकडून हाक मारल्यासारखी. हात ताठ झाले. तो पारड्यातच झटके द्यायला लागला. तराजू हेलकावला, गुळाचं पारडं दाणकन खाली आलं आणि रवे पायऱ्यांवरून गडगडत गेले. क्षणभर लोक गुळाकडं धावले. मग पोराकडं.

कोल्हापूरच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात नेलं. डॉक्टर इनामदार म्हणून तरुण बाई होती. दाब एवढा चढला होता की मेंदूला सूज आली होती. मेंदूत मागच्या बाजूला नजरेचं केंद्र असतं, तिथं जास्त. म्हणून अर्धं दिसत होतं. "हळूहळू उतरवावा लागेल. एकदम उतरवला तरी धोका," ती म्हणाली.

नर्स ओल्या कापसानं त्याचं तोंड पुसत होती. कापूस काळा झाला. तिनं दुसरा घेतला. तोही. मग वरच्या दिव्याच्या उजेडात टिकली हळूहळू लाल झाली.

नर्स, डॉक्टर, संग्राम. तिघंही त्या टिकलीकडं बघत होते. ऋतुजा कापसाकडं बघत होती.

*

तुलेची ती सकाळ, डॉक्टरांना सांगितलेली:

अधिराज शुद्धीवर आल्यावर डॉक्टरनं विचारलं, "काजळ कुणी लावलं?" ऋतुजानं तोंड उघडलं होतं. त्याआधी तो म्हणाला, "मीच. पोरं सिग्नल म्हणतात मला." डॉक्टर त्याच्याजवळ बसली. जिराफाचं तिनंच सांगितलं. "तुला जिराफाएवढा दाब झाला होता. पण त्याची मान बघ आणि तुझी बघ." तो हसला. ऋतुजानं उघडलेलं तोंड मिटलं.

ती सकाळ, संग्रामला सांगितलेली:

"मला वाटलं काळीच आहे. देवळात जायचं म्हणून वरून तीट लावली, सगळ्यांची दृष्ट पडणार म्हणून. खाली लाल आहे ते मला कुठं माहीत?" संग्राम म्हणाला, "लहान पट्टा म्हणून मीच बसून राहिलो." ती त्याला नाही म्हणाली नाही.

ती सकाळ:

न्हाऊन आलेला अधिराज खिडकीशी बसला होता. काजळ धुऊन गेलं होतं. ती त्याचे केस विंचरत होती तेवढ्यात टिकलीवर ऊन आलं, आणि भांग पडेपर्यंत ती लाल झाली. समोरच्या आरशात दोघांनाही दिसली. "आज राहू दे ना आई," तो म्हणाला. "आज दिवसभर उन्हातच आहे मी. तिचं पोट भरेल." तिनं त्याची हनुवटी धरून तोंड वळवलं. "आज गाव बघणार आहे," ती म्हणाली आणि डबी उघडली.

*

अधिराज घरी आला. नजर बरीचशी परतली. डाव्या कडेला थोडं धुकं राहिलं. हृदयाची भिंत जाड झाली होती, ती वजन आणि दाब उतरले तर ओसरेल असं डॉक्टर म्हणाली. गोळी रोज घ्यायची होती. ताटात डॉक्टरनं सांगितलं तेवढंच, आणि वाढताना मोजून.

गावात मात्र भलतंच झालं होतं. टिकली काळी असताना पोराला झटका आला, म्हणजे टिकली खोटी. आयांनी ती उपटून टाकायला सुरुवात केली होती. तालुक्यातून शबानाला विचारणा झाली होती, गावाला काळी दिसणारी टिकली तिच्या नोंदीत लाल कशी. टिकल्या गोळा करून परत पाठवायचं ठरलं. देवळाच्या पायरीवर शबाना स्टीलचा डबा घेऊन बसली होती. आया रांगेनं येत होत्या आणि पोरांच्या कानापुढली टिकली नखानं काढून डब्यात टाकत होत्या. पोरं बारीक कमी नि अंगानं भरलेलीच जास्त होती. त्यातल्या कितींच्या टिकल्या निघताना लाल होत्या, ते ऋतुजानं लांबून पाहिलं.

तिनं अधिराजला घेतलं आणि घरातून काजळाची डबी घेतली.

"कशाला?" तो म्हणाला.

"चल."

पायरीवर तिनं त्याला उन्हाकडं तोंड करून उभं केलं. हनुवटी धरली, तशीच, त्या सकाळी धरली होती तशी. "बघा," ती म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाली. टिकली लालसर होती. गोळीनं आता तेवढीच होत होती. तिनं डबीत बोट बुडवलं आणि टिकलीवर टेकवलं. काळी. "आता ही काळी दिसते. हिला ऊन मिळत नाही, म्हणून बंद पडलीय." तिनं पदरानं काजळ पुसलं. टिकलीवर थोडा वेळ ऊन पडू दिलं. तांबडा ठिपका पुन्हा उगवला.

"रोज करायचे मी असं. शबाना यायची तेव्हा पुसायचे."

रांगेतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. दुसरीनं नकळत स्वतःच्या पोरीच्या कानापुढं अंगठा फिरवला, आणि अंगठा काळा झाला. मग ऋतुजाच्या लक्षात आलं की काजळाची डबी एकाच घरात नव्हती.

शबानानं डब्याचं झाकण लावलं. तिनं ऋतुजाकडं बघितलंही नाही. रांगेतल्या पोरीला म्हणाली, "ये गं, बस. पुसून घेऊ आधी."

आबा पारावरून सगळं ऐकत होते. घरी जाताना ते सुनेच्या मागून चालत राहिले. फाटकाशी म्हणाले, "एक साल राहिलंय नवसाचं. देवीला काय सांगू?"

"सांगा तराजू मोडला," अधिराज म्हणाला.

आबांनी मिशीला हात नेला आणि खाली घेतला.

घरात गेल्यावर अधिराज आईशी बोलेना. ती ताट घेऊन गेली तेव्हा भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"काय झालं?"

"डॉक्टरला मी सांगितलं होतं मी लावलं म्हणून. तू सगळ्यांसमोर तूच म्हणालीस. आता मी खोटारडा झालो की."

"मी तेव्हा गप्प बसले, राजा."

"मग बसायचंस ना गप्पच," तो म्हणाला. मग ताटाकडं बघून, "किती आहेत?"

"दोन."

"मोजल्यास?"

"हो."

त्यानं ताट ओढून घेतलं.

पुढच्या टिकल्या निघाल्या त्या काळ्या नव्हत्या. ठीक असली की हिरवी, वाढला की लाल, आणि काळी म्हणजे फक्त बंद. ऋतुजाच्या घरी काजळाची डबी अजून आहे. ती फेकलेली नाही. फडताळात वरच्या फळीवर आहे, अधिराजचा हात पोचेल एवढ्यावर.

तुलेच्या दिवशी रुग्णवाहिकेत तिच्या मुठीत गुळाचा एक खडा होता. प्रसाद टाकायचा नसतो. अधिराज शेजारी बेशुद्ध होता. कागल मागं पडल्यावर तिनं तो खाल्ला.